मुक्कामापुरती शिल्पं

लंडनच्या वर्मवुड स्ट्रीटवर गाड्यांच्या रहदारीवरून जाणारा एक पादचारी पूल आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या पुलावर तिरकं कललेलं एक छोटं कोरियन घर दिसू लागलं. कौलारू छप्पर, पारंपरिक घडण, भोवती बांबूची बाग. कुठून तरी उडत येऊन तिथे अडकल्यासारखं. कोरियन कलावंत दो हो सुह यांचं हे ‘ब्रिजिंग होम, लंडन’. ते दोन संस्थांनी मिळून करून घेतलं. त्यांपैकी ‘आर्ट नाइट’ हा मुळात एका रात्रीचा कलाउत्सव म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेला. दुसरी संस्था ‘स्कल्प्चर इन द सिटी’, भर दिवसा कचेऱ्यांच्या उंच इमारतींमध्ये शिल्पं मांडणारी. रात्रीच्या उत्सवाचा हातभार लागलेलं हे घर एका रात्रीत आटोपलं नाही. कित्येक महिने ते ऊन-पाऊस सोसत पुलावर राहिलं.

शिल्प टिकण्यासाठी घडवतात आणि रात्रीचा उत्सव उजाडताच संपतो. या दोघांचं जमतं कसं, मुळात जमवावं का, यावर गेली दोन दशकं संयोजक, समीक्षक आणि महापालिका आपापल्या बाजूने बोलत आल्या आहेत. कोरियन कलावंतांच्या कामांमुळे या चर्चेला एक वेगळं वळण मिळतं. त्यांची कामं जगभर दिसतात, याचं एक कारण कोरियन सरकारचा सढळ सांस्कृतिक खर्च हे आहेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी शिल्प बांधता-सोडता येईल, घडी घालता येईल, गाडीवर लादता येईल, अशा रीतीने आधीपासूनच घडवलं होतं. रात्रीचे उत्सव पुढे फोफावले आणि त्यांना अशाच शिल्पाची गरज पडली.

मेणबत्तीपासून प्रोजेक्टरपर्यंत

युरोपातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाशोत्सवाची सुरुवात एका शिल्पामुळेच झाली, हे आता फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात फूर्विएर टेकडीवर मेरीची मूर्ती बसवायची होती. शिल्पकार जोझेफ-यूग फाबिश. सप्टेंबर १८५२ चा मुहूर्त सोन नदीच्या पुरामुळे हुकला आणि ८ डिसेंबरला ठरला. त्या दिवशीही वादळाची लक्षणं होती. आभाळ निवळलं तेव्हा लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. आज तोच उत्सव चार दिवस चालतो आणि त्याला सुमारे २० लाख माणसं येतात. मूर्ती टेकडीवर आहे. पाहणाऱ्यांचे डोळे मात्र खाली इमारतींच्या दर्शनी भिंतींवर खेळणाऱ्या चित्रांकडे असतात.

आधुनिक रात्र-उत्सवाची वंशावळ वेगळी. हेलसिंकीत १९८९ पासून कलांची रात्र होते. नाँत शहराने १९९० ते १९९५ दरम्यान दरवर्षी एका पाहुण्या शहराला बोलावून संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशा सहा रात्री जागवल्या. बर्लिनने १९९७ मध्ये संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी ठेवली. या सगळ्यांचा मेळ पॅरिसने ५ ऑक्टोबर २००२ ला घातला. ‘न्यूई ब्लांश’च्या त्या पहिल्या रात्री सोफी काल यांनी आयफेल टॉवरच्या माथ्यावर पलंग मांडला आणि अनोळखी लोकांनी येऊन गोष्टी सांगत त्यांना जागं ठेवलं. त्याच रात्री नगरभवनात महापौर बेर्त्रां देलानोए यांच्यावर चाकूहल्ला झाला. ते बचावले, उत्सवही बचावला. २००६ मध्ये टोरांटोने हाच नमुना उचलला; २००९ मध्ये सिडनीत ‘विव्हिड’ सुरू झाला. पुढे एलईडी स्वस्त झाले, प्रोजेक्टर ताकदवान झाले आणि भिंतींवर प्रकाश फेकणं हाच बहुतेक उत्सवांचा मुख्य कार्यक्रम होऊन बसला.

यात शिल्पाची पंचाईत होते. दिवसा सूर्य सरकतो तशी सावली सरकते आणि आकार उलगडत जातो. रात्री दिवा एका जागी स्थिर. जिथे उजेड पडतो तेवढंच शिल्प, बाकीचं अंधारात जमा. तकतकीत पोलादावर दिव्याचा ठिपका दिसतो, पोलाद दिसत नाही. शिवाय वजन, वारा, गर्दीचा रेटा, रस्ता किती तास बंद ठेवायचा, क्रेन कधी येणार आणि पहाटे कधी जाणार, ही कटकट असतेच. संयोजकांना प्रोजेक्टर परवडतो तो यामुळेच. तरी वजनदार कामांनाही गर्दी लोटते. टोरांटोत २०१३ मध्ये नगरभवनासमोर आय वेवे यांनी ३,१४४ सायकलींचा डोंगर रचला होता. उत्सवाच्या पहिल्या वर्षी फुजिको नाकाया यांनी याच शहरात धुक्याचं शिल्प केलं होतं, ज्याला वजनच नव्हतं. रात्रीचं शिल्प या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी जागा शोधत असतं.

कोरियाची स्वतःची रात्र

कोरियन कलावंत या जगात नवखे म्हणून आले नाहीत. बुद्धजयंतीच्या सुमारास होणारा ‘योनदुंगहे’ हा कंदिलांचा उत्सव युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. त्यातले मोठे कंदील म्हणजे शिल्पंच: तारेचा सांगाडा, वर ‘हान्जी’ हा हातकागद, आत दिवा. आपल्या आकाशकंदिलाचीच रीत. फक्त इथे त्याचे ड्रॅगन आणि दिक्पाल होऊन मिरवणुकीत चालतात. जिंजू शहरात नाम नदीवर कंदील सोडतात. तिथली आठवण १५९२ च्या जपानी आक्रमणाची आहे, वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यातून नदीत दिवे सोडून संदेश दिल्याची.

या परंपरेवरून भांडणही झालं आहे. सोलने २००९ पासून चंगग्येचन ओढ्यावर कंदिलांचा उत्सव भरवायला सुरुवात केली. हा ओढा अनेक वर्षं रस्त्याखाली गाडलेला होता आणि २००५ मध्ये तो पुन्हा मोकळा करण्यात आला. जिंजूचं म्हणणं पडलं की राजधानीने आमची कल्पना चोरली. २०१३ मध्ये जिंजूच्या महापौरांनी सोलच्या नगरभवनासमोर एकट्याने फलक धरून निषेध केला. उत्सव कोणाच्या मालकीचा, हा वाद कलेच्या समीक्षेत क्वचितच येतो, पण गल्ल्याचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येक शहरात तो असतो.

उघड्यावरच्या शिल्पांचा कोरियातला इतिहास याला समांतर चालतो. १९८८ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने सोलमध्ये मोठं शिल्प-उद्यान झालं. त्याआधी १९८७ मध्ये बुसानने समुद्रकाठी कलाउत्सव सुरू केला. खरा बदल कायद्याने घडवला. १०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी इमारत बांधताना खर्चाचा एक लहान हिस्सा कलाकृतीवर घालावा, ही १९७२ पासूनची शिफारस १९९५ मध्ये सक्तीची झाली. परिणामी कचेऱ्यांच्या दारांत शिल्पांची रांग लागली आणि त्यातली बरीचशी ‘लावायचं म्हणून लावलेली’ अशी टीकाही सुरू झाली. २०११ मध्ये शिल्पाऐवजी कलानिधीत पैसे भरण्याची मुभा मिळाली. सोलच्या पोस्को इमारतीपुढे १९९७ मध्ये बसवलेल्या फ्रँक स्टेला यांच्या ‘अमाबेल’ला लोकांनी भंगार म्हटलं होतं, ते हलवण्याचं घाटत होतं, पण अखेर राहिलं.

तात्पुरत्या कामांनाही माफी मिळाली नाही. मे २०१७ मध्ये सोल स्टेशनजवळचा जुना उड्डाणपूल ‘सोलो ७०१७’ या नावाने पायवाट म्हणून खुला झाला. उद्घाटनासाठी उद्यानकार ह्वांग जी-हे यांनी सुमारे ३०,००० जुने बूट वापरून १७ मीटर उंचीचं ‘शूज ट्री’ पुलावरून खाली सोडलं. नऊ दिवसांचा मामला. पण बूट जुने, दिवस उन्हाळ्याच्या तोंडचे. वास येतो, ओंगळ दिसतं, एवढा खर्च कशाला, अशी बोंब झाली. काहींना त्यातच त्या परिसराची खरी ओळख दिसली, कारण जवळच चपला-बुटांच्या जुन्या कारागिरांची वस्ती. थोड्या दिवसांसाठी असलेलं शिल्प लोक सहज खपवून घेतात, हा समज त्या नऊ दिवसांत पार मोडला.

गाठोडं, घर, फूल, कोळसा

बांधता-सोडता येणारं शिल्प घडवणाऱ्या कोरियन कलावंतांचा पूर्वज म्हणून नाम जून पाइक यांच्याकडे बोट दाखवण्याची रीत आहे, आणि ती रास्त आहे. व्हिडिओ कलेचे जनक म्हणून ते ठाऊक असतात. उघड्यावरच्या शिल्पकाराची ओळख मागे पडते. १९९७ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या शिल्पप्रदर्शनात त्यांनी राजवाड्यासमोर ३२ जुन्या अमेरिकन मोटारी उभ्या केल्या. सगळ्या चंदेरी रंगवलेल्या, आणि त्यांतून मोझार्टचा ‘रेक्विएम’ हळू आवाजात वाजत असे. चौथऱ्यावर काहीच नाही. ज्या चाकांवरून आल्या त्याच चाकांवर त्या उभ्या. (१९८६ मध्ये त्यांनी उपग्रहावरून सोल, टोकियो आणि न्यूयॉर्क जोडणारा कार्यक्रम केला, त्याचं नाव ‘बाय बाय किपलिंग’. पूर्व-पश्चिम कधी भेटणार नाहीत म्हणणारा तो कवी मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला होता.)

किमसूजा यांचं साहित्य आणखी साधं. कोरियन घरात लग्नात मिळणाऱ्या रंगीत चादरी, आणि त्यांत कपडे बांधून केलेलं गाठोडं, ‘बोत्तारी’. नोव्हेंबर १९९७ मध्ये अशा गाठोड्यांनी लादलेल्या ट्रकवर बसून त्या ११ दिवसांत कोरियाभर २,७२७ किलोमीटर फिरल्या. शिल्प कुठल्या चौकात ठेवायचं, हा प्रश्नच त्यांनी मोडीत काढला. त्यांच्या ‘अ नीडल वुमन’ या व्हिडिओत त्या दिल्लीसह आठ शहरांच्या गर्दीत पाठमोऱ्या निश्चल उभ्या राहतात. माणसं आजूबाजूने वाहत जातात. पुढे ‘मुंबई: अ लॉण्ड्री फील्ड’मध्ये त्यांनी मुंबईतली धुण्याची, वाळत घातलेल्या कपड्यांची दुनिया टिपली. चादर, कापड, गाठोडं यांकडे पाहण्याची त्यांची नजर मुंबईच्या वाचकाला परकी वाटू नये. २०१४ मध्ये मात्र अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी १४ मीटर उंच सुईच्या आकाराचा मनोरा उभारला. त्याच्या पारदर्शक फलकांवरच्या थरात रंगद्रव्य नाही. सूक्ष्म रचनेमुळे ऊन फुटतं आणि पाहणारा हलला की रंग बदलतात. या कामाला दिवस लागतो. रात्रीच्या उत्सवात असंच्या असं नेलं तर त्याचा प्राणच जाईल, आणि दिवे लावून नेलं तर ते दुसरंच काम होईल.

उत्सवांचे खरे लाडके चोई जंग ह्वा. बाजारातल्या प्लास्टिकच्या टोपल्या, बाटल्या, खोटी फुलं हे त्यांचं साहित्य. सोलमध्ये २००८ च्या डिझाइन ऑलिंपियाडला त्यांनी लोकांकडून गोळा केलेल्या लाखो प्लास्टिक बाटल्या-डब्यांनी जामशिलच्या ऑलिंपिक स्टेडियमला वेढा घातला. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियमने नगरभवनासमोरच्या चौकात त्यांचं २४ फूट व्यासाचं लाल कमळ ठेवलं. कापडाचं, हवेवर फुगणारं. मोटर चालू झाली की पाकळ्या उघडतात, मिटतात. अशा कामाचं गणित संयोजकाला पटकन कळतं: घडी घालून पेटीत येतं, काही तासांत उभं राहतं, आतून दिवा सोडला की अंधारात दुरून दिसतं, लहान मुलं आधी धावतात आणि मागून मोठी माणसं. टीकाकारांना नेमकं हेच खुपतं. पण चोई यांचा एक दाखला दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो. २००३ च्या लियाँ बिएनालेसाठी त्यांनी भडक रंगांच्या फुलांचं झाड केलं, तात्पुरतं म्हणून. शहराला ते इतकं आवडलं की ते तिथेच राहिलं आणि लियाँच्या पोस्टकार्डांवर गेलं. उत्सवी म्हणून नाक मुरडावं, तर लोकांनी ते आपलं म्हणून ठेवून घेतलेलं. तात्पुरतं म्हणून वाखाणावं, तर ते गेलंच नाही.

दो हो सुह यांचं घर हे मुळात वडिलांचं घर. चित्रकार सुह से-ओक यांनी सोलमध्ये राजवाड्याच्या आवारातल्या एका वास्तूच्या धर्तीवर पारंपरिक घर बांधलं. मुलगा त्यात वाढला आणि पुढे शिकायला अमेरिकेत गेला. १९९९ मध्ये त्यांनी तेच घर पातळ रेशमी कापडात मापाबरहुकूम शिवलं, सूटकेसमध्ये मावेल असं. लिव्हरपूल बिएनालेत २०१० मध्ये तसंच एक घर दोन इमारतींच्या फटीत अडकवलं आणि आठ वर्षांनी लंडनच्या पुलावर. उघड्यावर आलेलं हे घर कापडाचं नाही. त्याला वारा, पाऊस आणि खालून जाणाऱ्या बसगाड्यांचे हादरे सोसायचे असतात. रात्री त्याच्याभोवती रोषणाईचा तमाशा नसतो, आणि त्याचं बळही त्यातच आहे.

चौथा मार्ग ली बे यांचा, उजेडाला पाठ फिरवणारा. पॅरिसला गेल्यावर रंग महाग म्हणून त्यांनी कोळसा हाती घेतला, पण त्यामागे त्यांच्या चंगदो गावची आठवणही आहे. वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला तिथे पाइनच्या फांद्यांचं ‘चंद्राचं घर’ रचून पेटवतात. २०२३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्यांनी कोळशाच्या जाड ओंडक्यांचा सहा मीटरहून उंच ‘इस्यू द्यू फ’ उभा केला. दिव्यांच्या जंगलात एकच वस्तू, जी उजेड गिळते.

कोण काय म्हणतं

उत्सवांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. संग्रहालयाची पायरी न चढणारा माणूस रात्री रस्त्यावर शिल्पाला भेटतो, तिकीट नसतं, दाराशी दबून जावं लागत नाही, आणि काम तात्पुरतं असल्यामुळे कलावंत धाडस करू शकतो. कायमच्या शिल्पाला दहा समित्यांची मंजुरी लागते. एका रात्रीच्या शिल्पाला त्यामानाने कमी. कोरियातल्या सक्तीच्या शिल्पांचा अनुभव पाहता या मुद्द्यात तथ्य आहे.

विरुद्ध बाजूला फ्रेंच विचारवंत गी दबोर यांच्या १९६७ च्या ‘देखाव्याच्या समाजा’वरच्या टीकेचा वारसा सांगणारे आहेत. त्यांच्या मते रात्रीचा उत्सव ही पर्यटन खात्याची सोय आहे. शहर स्वतःची जाहिरात करतं, प्रायोजकाचं नाव झळकतं आणि शिल्प सेल्फीची पार्श्वभूमी होतं. गर्दी पुढे ढकलत नेते, तिथे शिल्पाभोवती फेरी मारायला उसंत कुठली? हा आक्षेपही हवेतला नाही. शिल्प पाहायला वेळ लागतो, आणि उत्सवात सर्वांत तुटवडा वेळेचाच.

जागेचा प्रश्न या दोघांपेक्षा खोल आहे. शिल्पकार रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ न्यूयॉर्कमध्ये १९८१ मध्ये बसवलं आणि १९८९ मध्ये काढलं, तेव्हा सेरा यांची भूमिका अशी होती की हे काम या जागेसाठीच आहे, हलवणं म्हणजे मोडणं. सोलमध्ये जन्मलेल्या कलेतिहासकार मिवोन क्वोन यांनी २००२ च्या ‘वन प्लेस आफ्टर अनदर’ या पुस्तकात दाखवलं की तोवर जागेशी बांधलेली कलाच फिरती झाली होती. कलावंत शहरामागून शहर घेत होते. त्या स्थलांतराकडे त्यांनी संशयाने पाहिलं, त्याचा गौरव केला नाही. सुह आणि किमसूजा यांची कामं या वादात सेरा यांच्या अगदी समोरच्या टोकाला उभी राहतात, कारण हलणं हाच त्यांचा विषय. तरी चोई यांच्या फुगणाऱ्या कमळाला तोच न्याय लावता येईल का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. सगळीकडे सारखंच दिसणारं काम प्रवास करतं, पण स्थलांतर करतंच असं नाही.

चौथा सूर ‘कोरियन’ या शिक्क्याबद्दलचा. कोरियन कला-व्यवस्थापन सेवा २००६ मध्ये स्थापन झाली. परदेशांतली कोरियन सांस्कृतिक केंद्रं आणि राजनैतिक संबंधांची वर्षं, जसं फ्रान्सबरोबरच्या १८८६ च्या कराराला १३० वर्षं झाली तेव्हाचं २०१५-१६, कलावंतांना व्यासपीठ देतात. समर्थक म्हणतात, युरोप-अमेरिकेच्या मक्तेदारीत शिरायला असा आधार लागतोच. टीकाकारांना भीती की कमळ, कंदील आणि कौलारू घर यांचीच मागणी वाढेल आणि उरलेल्यांना दार उघडणार नाही. प्रत्यक्षात ज्यांची नावं पुढे आली ते कलावंत न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस अशा शहरांत वर्षानुवर्षं राहिलेले आहेत. त्यांना एका देशाच्या खात्यावर मांडणं सोयीचं आहे, नेमकं नाही.

जे अजून ठरलेलं नाही

गर्दीचा प्रश्न आता सौंदर्यशास्त्राच्या आधी येतो. २०१५ मध्ये पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर लियाँने आपला उत्सव रद्द केला. सोलच्या इतेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री अरुंद गल्लीतल्या चेंगराचेंगरीत १५९ जणांचा बळी गेला. तो कलाउत्सव नव्हता, पण रात्रीची गर्दी जमवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा जाब द्यावा लागतो. मोठं शिल्प चौकाच्या मधोमध ठेवलं तर ते गर्दी विभागतं की वाट अडवतं, हा आता अभियंत्यांचाही विषय आहे.

प्रकाशाचं प्रदूषण हा दुसरा. कोरियात कृत्रिम उजेडावर मर्यादा घालणारा कायदा २०१३ पासून लागू आहे, आणि त्याच सोलमध्ये २०१९ पासून दोंगदेमुन डिझाइन प्लाझाच्या २२२ मीटर लांब भिंतीवर ‘सोल लाइट’चे प्रयोग होतात. पक्षी, झाडं आणि शेजारच्या रहिवाशांची झोप यांचा विचार करणारे म्हणतात की यापुढे कमी उजेडाची, स्पर्शाची, आवाजाची शिल्पं मागवा. ली बे यांचा कोळसा त्यांना जवळचा वाटेल. पुन्हा वापरलेलं प्लास्टिक खरंच पुन्हा वापरात जातं का, की उत्सवानंतर कचरा म्हणूनच निघतं, याचा हिशेब प्रत्येक कामामागे जाहीर करण्याची पद्धतही अजून रुजलेली नाही.

आणि उरतो जतनाचा प्रश्न, ज्यात कोरियाचा अनुभव बाकी जगाला उपयोगी पडावा. पाइक यांचा ‘द मोअर द बेटर’ हा १,००३ टीव्हींचा मनोरा १९८८ मध्ये ग्वाचनच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभा राहिला. जुन्या पडद्यांना सुटे भाग मिळेनात म्हणून तो २०१८ मध्ये बंद केला गेला. सगळे पडदे नवे घालावेत, जुनेच दुरुस्त करावेत की मनोरा आहे तसा विझलेला ठेवावा, यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. अखेर ७३७ जुन्या धर्तीचे टीव्ही दुरुस्त करून किंवा वापरलेले आणून बसवले, २६६ ठिकाणी सपाट पडदे घातले आणि २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. त्याच्यामागे राष्ट्रीय संग्रहालय, त्याचा निधी आणि त्याचे संवर्धक होते. एका रात्रीसाठी मागवलेल्या शिल्पाच्या करारात मात्र मोटर, कापड, दिवे आणि नकाशे उत्सवानंतर कोणाच्या ताब्यात राहतील आणि पुन्हा उभारताना कलावंताची संमती किती बंधनकारक असेल, ही कलमं दर शहराला आणि दर कामाला नव्याने लिहावी लागत आहेत.